आठनंतर परत

मराठीतला १ आणि इंग्रजीतला 9 यांत फरक काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, काही नाही. ब्रशने, घाईत, गोल डब्यावर लिहिलेले असतील तर मुळीच नाही. एवढ्या एका कारणाने आमच्या शिरूरच्या थिएटरात एक हवालदार सिनेमाच्या पहिल्या दहा मिनिटांत मेला आणि त्यानंतर इंटरव्हलपर्यंत गावात हिंडत, चहा पीत राहिला. पुढची बारा वर्षं त्या मेलेल्या हवालदाराने आमच्या घराला हातभार लावला.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. थिएटर माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं. दौंडचं आणखी एक त्यांनी चालवायला घेतलेलं होतं. शिरूरला तिकीट खिडकीशेजारी एक खोली रिकामी पडली होती, तिथे मी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढली. माझ्या माहेरी, भांडगावला, बायकांना वाटायचं की हिची नटनट्यांत ऊठबस असणार. माझी ऊठबस होती ती पेटीशी. सिनेमा पत्र्याच्या पेटीतून यायचा. पेटीत गोल डबे, एका डब्यात एक रीळ, एक रीळ साधारण दहा मिनिटांचं. चौदा डबे म्हणजे एक सिनेमा. पुण्याच्या वितरकाकडून ही पेटी एसटीच्या टपावर बसून यायची, आठवडाभर शिरूरला राहायची आणि मग दौंडला जायची.

नवे सिनेमे आमच्या वाट्याला यायचे ते पुण्यात सगळ्यांचे पाहून झाल्यावर. म्हणून आबांनी जुने धरले. तेही रडारडीचे नाहीत. भूत, नाग आणि दरोडेखोर, या तिघांवर आमचं थिएटर उभं होतं. शहरात चार दिवसांत उतरलेला भुताचा सिनेमा आमच्याकडे दर वर्षी जत्रांच्या दिवसांत परत लागायचा आणि दर वर्षी तीच माणसं त्याच जागी किंचाळायची. किंचाळायची जागा आधीच ठाऊक असली की मजा जास्त येते, हे मी तिकीट खिडकीत बसून शिकले.

वर केबिनमध्ये आप्पा. आमचे ऑपरेटर. आबांच्या वेळेपासूनचे, उंच, बारीक, गळ्यात कायम एक पिवळं फडकं. ऑपरेटरचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. दोन रिळं एकमेकांना जोडून एका मशीनवर चढवायची, पुढची दोन दुसऱ्या मशीनवर. पहिलं संपतं त्याच क्षणी दुसरं सुरू झालं पाहिजे. खाली बसलेल्याला कळता कामा नये. आप्पांच्या हातून पडदा कधी पांढरा पडला नाही. दौंडचे लोकसुद्धा हे मान्य करायचे, आणि दौंडचे लोक सहसा काही मान्य करत नाहीत.

त्या दिवशी पेटीची एसटी शिक्रापूरला पंक्चर झाली. बाराचा मॅटिनी, पेटी पोहोचली पावणेबाराला. तळेगाव ढमढेऱ्याहून जीप भरून आलेले लोक दारात दंगा करत होते. सिनेमाचं नाव 'बारवेतला हात'. बारवेतून एक हिरवा हात निघतो आणि माणसं ओढून नेतो, अशी गोष्ट. हात रबरी मोज्याचा होता आणि मनगटाशी त्याची शिवण दिसायची.

आप्पांनी डबे मांडले. मुंबईहून आलेल्या डब्यांवर आकडे इंग्रजी. पण पहिल्या रिळाचा मूळचा डबा केव्हातरी गंजून गेलेला, आणि कुठल्याशा थिएटरवाल्याने दुसरा डबा घालून त्यावर ब्रशने मराठी १ काढलेला. झालं असं की एकसारखे दिसणारे दोन डबे समोर आले. रिळाच्या तोंडाशी नंबराची पट्टी असते, ती झिजून तुटून गेलेली. एरवी आप्पा फिल्म उजेडाकडे धरून बघायचे. खाली शिट्ट्या चालू होत्या, त्या दिवशी ते राहिलं. त्यांनी दोहोंतला एक डबा उचलला. तो नववा होता.

पडद्यावर ना सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं, ना नावं. एकदम बारव, हवालदार, हिरवा हात, किंकाळी. हवालदार मेला. लोक खूश, इतक्या लवकर कुणी मरत नसतं. मग दुसरं रीळ लागलं आणि तोच हवालदार पाटलाच्या ओसरीवर बसून बशीतून चहा प्यायला लागला.

"आरं, मेला ना ह्यो?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मेला म्हूनच आलाय की!"

झालं. आख्ख्या थिएटरला कळलं की हवालदार भूत आहे. सिनेमातल्या माणसांना मात्र ते ठाऊक नव्हतं. हवालदार ज्याला त्याला सांगत होता, "मी आहे ना, भिऊ नका," आणि दर वेळी पाचशे माणसं ओरडत होती. तो पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो तिथे बायकांनी पदर तोंडात धरले. हा मूळचा एक विनोदी, जरा कंटाळवाणा हवालदार होता. त्या दुपारी तो त्या सिनेमातला सगळ्यांत भयंकर माणूस झाला.

इंटरव्हल झाला. लोक शेंगदाणे घेऊन येऊन बसले आणि पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागलं. मग नावं. "एका तिकिटात दोन सिनिमे!" असा एक आवाज आला. नावं संपली आणि हवालदार आपल्या घरात, बायकोसमोर, ट्रंक भरताना दिसला. बदलीचा हुकूम आलेला. बायको म्हणते, "जपून राहा." तो म्हणतो, "चार दिवसांत येतो."

शेंगदाण्यांची पुडी वाजली तरी ऐकू येईल एवढी शांतता झाली. तो येणार नाही हे सगळ्यांना दीड तास आधीच कळलेलं होतं.

आप्पा पांढरेफटक पडून जिन्यावरून खाली आले. "आबा, घात झाला. एक आन् नऊ आलटापालट झालं."

आबा दाराच्या फटीतून आत बघत होते. ते म्हणाले, "गप ऱ्हावा. बाया रडत्यात."

संध्याकाळच्या शोला आप्पांनी रिळं नीट लावायला घेतली. पण दुपारची माणसं आपल्या भावकीला घेऊन परत आली होती, मेलेला हवालदार दाखवायला. आबांनी खालूनच ओरडून सांगितलं, "दुपारसारखंच लावा." आणि ते तसंच राहिलं. दौंडला पेटी गेली तीही त्याच क्रमाने. दौंडला माणूस गाडीच्या वेळेवर सिनेमा बघतो, शेवट पाहिलेला प्रेक्षक तिथे कमीच. पण या सिनेमाला नगरकडची पॅसेंजर दीड तास लेट आहे असं कुणीतरी दारातून ओरडलं, तेव्हा उठलेली आख्खी रांग टाळ्या वाजवत पुन्हा बसली. सिनेमाचं खरं नाव दोन्ही गावांत कुणी घेईना. "मेलेला हवालदार कवा लागणार?" एवढंच विचारायचे.

सगळे खूश होते, आप्पा सोडून.

माझं लायब्ररीचं टेबल जिन्याखालीच होतं, त्यामुळे जाता-येता लोक त्यांना काय बोलतात ते मला ऐकू यायचं. "आप्पा, आज पहिल्या रिळात कुणाला मारताय?" "आप्पा, गेल्या हप्त्यातला सिनिमा सरळच लावला जनू, मजा न्हाई आली." आप्पा हसायचे नाहीत. एकदा माझ्याकडे पाण्याचा तांब्या मागायला आले आणि म्हणाले, "वहिनी, तीस वर्सं नीट दावलं, ते एकाच्या ध्यानात न्हाई. एक डाव चुकलो, तर त्येच्यावर नाव निघालं."

"चांगलं नाव निघालंय, आप्पा."

"चुकीचं नाव चांगलं कसं आसंल? एक डाव सरळ लावू द्या मला. एकच शो."

आबांनंतर थिएटर मी बघायला लागले, तेव्हा दर वर्षी ही मागणी माझ्याकडे यायची आणि दर वर्षी मी नाही म्हणायचे. लोक मेलेल्या हवालदारासाठी येतात, जिवंत हवालदार दाखवून मी काय करू? धंद्याच्या दृष्टीने माझं बरोबर होतं. पण एका माणसाने बारा वर्षं एकच गोष्ट मागावी आणि ती फुकटात देण्यासारखी असून आपण देऊ नये, याचं आता वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मला वेळ नव्हता.

मध्ये कॅसेटी गेल्या आणि सीडी आल्या. एका कंपनीने जुन्या भुताच्या सिनेमांच्या सीडी काढल्या, त्यात 'बारवेतला हात' निघाला. मी हौसेने दहा जोड मागवले. एका सिनेमाला दोन सीडी. आठवड्याच्या आत केंदूरचे एक मामा जोड परत घेऊन आले. डोक्याला मुंडासं, पायांत जाड वहाणा, पूर्वी मेंढरं राखायचे, आता ऊस लावलेला. त्यांनी सीडी टेबलावर आपटली.

"बाई, ही खोटी निघाली."

"काय झालं, मामा?"

"ह्यात हवालदार जित्ता हाय."

"मामा, तो सुरुवातीला जिवंतच असतो. खरा सिनेमा तसाच आहे."

"मला शिकवू नका. मी सात डाव बघितलाय."

आणखी चौघांनी परत आणल्या. शेवटी मी एक चिठ्ठी लिहिली, तिच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक जोडात घातल्या. 'प्रथम दुसरी सीडी लावावी, दहाव्या मिनिटापासून विसाव्यापर्यंत. मग पहिली सीडी, सुरुवातीची दहा मिनिटे सोडून, पूर्ण. मग दुसरीची पहिली दहा मिनिटे. येथे चहा घ्यावा. मग पहिल्या सीडीची सोडलेली दहा मिनिटे. मग दुसरी सीडी विसाव्या मिनिटापासून शेवटपर्यंत.' लोक हे सगळं करायचे. रिमोट हातात धरून, घड्याळ लावून. कुणाचीही तक्रार आली नाही.

एके दिवशी सकाळी सत्तरीचे एक गृहस्थ दुकानात आले. धोतर, कोट, हातात कापडी पिशवी. पिशवीतून माझीच सीडी काढली आणि चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"हे कुणी लिहिलं?"

मला वाटलं, कंपनीचा माणूस आला. मी म्हटलं, "मी लिहिलं. का?"

"माझा जावई रांजणगावच्या कारखान्यात आहे. त्याने तुमच्याकडून नेली. म्हणाला, बाबा, इकडे तुम्ही फार मोठे नट आहात." त्यांनी चिठ्ठीची घडी करून ठेवली. "मी वामन भोगावकर. हवालदार मी."

मी उभी राहिले. मी सहसा कुणासाठी उभी राहत नाही. वर जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "आप्पा, खाली या. हवालदार आलेत."

वरून आवाज आला, "मेलेलं की जित्तं?"

चहा झाला. भोगावकर एका नाटक कंपनीत होते. सिनेमात काम केलं ते हे एकच. पुण्यात लागला तेव्हा कंपनीचा दौरा चालू होता. एका दुपारी धावतपळत थिएटरात गेले, तोवर सिनेमा सुरू झालेला. चौथ्या दिवशी उतरला. "काम पाहिलं, पण नाव पडद्यावर लागलेलं पाहायचं राहिलं. या सीडीतही नाही. नावं कापून कंपनीने तिथे आपल्या जाहिराती घातल्यात."

मी हिशेबी बाई आहे. एका दगडात दोन कामं होत असतील तर मला आवडतं. पुढच्या महिन्यात दौंडला पेटी येणार होती. तो शेवटचा आठवडा तिथल्या मशीनवर चालवून आप्पा काम सोडणार होते, डोळे कमी झाले होते. मी जाहीर करून टाकलं, दौंडला रविवारी सकाळी एक जादा शो. रिळं सरळ. आप्पांची हौस होईल आणि यांचं नाव सुरुवातीलाच दिसेल. दाराबाहेर फळा लावला, 'सकाळी सरळ, दुपारी नेहमीसारखा.'

आप्पा आठवडाभर आधीपासून रिळं तपासत होते. एकेक फूट हाताखालून घातलं, जुने सांधे काढून नवे केले. नवीन शर्ट शिवला.

रविवारी सकाळी अकरा माणसं आली. मोजायला वेळ लागला नाही. त्यांतले चार गाडीची वाट बघणारे, दोघांजवळ वळकटी. भोगावकर जावयासोबत आले. मी दारातच त्यांना गाठलं. शाल आणली होती, नारळ आणला होता, स्थानिक पेपरचा फोटोवाला बोलावला होता. फोटोवाल्याचा फ्लॅश चालेना. "जरा थांबा, काका, इकडे बघा, नारळ थोडा वर धरा." आत सिनेमा वेळेवर सुरू झाला. आप्पा आणि उशीर यांचं जमत नव्हतं. फोटो निघून ते आत गेले तेव्हा हवालदाराची ट्रंक भरून झाली होती.

नावं निघून गेली होती. आणि हे माझ्या तेव्हा ध्यानातसुद्धा आलं नाही.

मी मागे उभी राहून पाहिलं. पहिल्यांदाच हा सिनेमा मी सरळ पाहत होते. खोटं कशाला सांगू, कंटाळा आला. हवालदार चहा पितो, कुणी ओरडत नाही. "मी आहे ना, भिऊ नका," आणि कुणीच भीत नाही. वळकटीवाला घोरत होता. भोगावकर पुढे ताठ बसलेले.

इंटरव्हलला आप्पा खाली आले. नव्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, ह्यात दम न्हाई हो."

मला हसू आवरेना. तेही हसले. बारा वर्षांत त्या सिनेमावरून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग ते भोगावकरांपाशी गेले, वाकून नमस्कार केला. "सायेब, नाव दिसलं का? लई साफ लागलं बगा आज. शाईसारखं काळं."

भोगावकर म्हणाले, "नाही हो. बाईंनी शाल दिली तेव्हाच लागलं असावं. असू दे. योग नव्हता."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात नारळाची उरलेली शेंडी होती, ती कुठे टाकावी मला कळेना. आप्पा वर गेले.

इंटरव्हल दहा मिनिटांचा असतो. पंधरा झाले. वीस झाले. वळकटीवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "बाई, सोलापूर गाडी निघून जाईल माझी." वरून फिल्म उलटी गुंडाळल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, फिल्म तुटली. आज, शेवटच्या दिवशी, आप्पांच्या हातून पडदा पांढरा राहणार.

थिएटरातले दिवे मालवले. पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागलं.

त्यांनी पहिलं रीळ सांध्यापाशी तोडून, गुंडाळून, पुन्हा चढवलं होतं. नवव्याच्या आधी. लोक जागेवर बसलेले, शेंगदाणे हातात, कुणी जागा शोधत नव्हतं, कुणी दारात उभं नव्हतं. नावं सावकाश वर सरकू लागली. नायक, नायिका, पाटील. सगळ्यांत खाली, एकटं, 'हवालदार: वामन भोगावकर.'

सोलापूर गाडीवाल्याने शिट्टी मारली. "आरं, ह्ये पुढं बसल्यात त्येच की!" मग सगळे अकराजण माना उंचावून बघायला लागले. भोगावकर उभे राहिले, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. पडद्यावरचा उजेड त्यांच्या कोटावर पडला होता. मग हवालदाराने ट्रंक भरली, बायकोला सांगितलं, चार दिवसांत येतो, आणि लगेच पुढच्या रिळात बारवेकडे गेला. या वेळी हिरवा हात निघाला तेव्हा शिवण कुणाला दिसली नाही. सरळही नाही आणि उलटाही नाही, हा तिसराच सिनेमा झाला होता, आणि तो तिन्हींत चांगला होता.

सोलापूर गाडी निघून गेली. तो माणूस दुपारच्या शोलाही बसला.

शो संपल्यावर मी केबिनमध्ये गेले. आप्पा मशीन पुसत होते. मी म्हटलं, "आप्पा, इतकी वर्षं मी तुम्हाला नाही म्हणत होते. चुकलं माझं."

"बरं झालं न्हाई म्हनला ते. आदी दिलं आसतं तर आदीच कळलं आसतं, सरळ लावून काय उपेग न्हाई."

"पण आज मुद्दाम चूक केलीत."

"चूक कशाची? आज बरुबर लावला," ते म्हणाले आणि काळ्या रंगाची डबी मागितली. दोन्ही डब्यांवरचे आकडे खरवडले. एकावर अक्षरी लिहिलं, 'नऊ'. दुसऱ्यावर लिहिलं, 'एक'. थोडा विचार करून त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ काढली. रंग वाळेपर्यंत फुंकर घालत बसले आणि मग पेटी पुण्याला परत गेली.

वर्षभराने माझ्या दुकानात फोन आला. बारामतीकडच्या एका थिएटरचा ऑपरेटर. नंबर वितरकाने दिलेला.

"बाई, त्या बारवेच्या सिनिमाची पेटी आलीय. पयल्या डब्यावर लिवलंय, आठनंतर परत. म्हंजी काय करायचं?"

"लिहिलंय तसं करायचं. आठवं संपलं की पहिलं परत लावायचं."

"आवो, पण मग नावं दोनदा येत्यात."

"येऊ द्या," मी म्हटलं. "पहिल्यांदा कोण वाचतं?"